लोकरीतच रंगलेला माणूस

इंग्रजीत एक विशेषण आहे, 'डाईड-इन-द-वूल'. चार शब्द छोट्या आडव्या रेघांनी एकमेकांना बांधून त्यांचं एक विशेषण केलेलं. राजकारणाच्या लिखाणात ते फार भेटतं. कुणी डाईड-इन-द-वूल कॉन्झर्व्हेटिव्ह, कुणी डाईड-इन-द-वूल समाजवादी. खेळाच्या पानावर गेलं तर एखाद्या फुटबॉल क्लबचा तसाच चाहता. अर्थ सगळ्यांना ठाऊक: आतून-बाहेरून पक्का, ज्याचं मत बदलायला जाणं म्हणजे वेळ दवडणं. मराठीत 'हाडाचा' म्हणतात त्याच्या ते जवळचं आहे आणि 'कट्टर' म्हणतात त्याच्याही जवळचं. हाडाचा शिक्षक म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो, कट्टर म्हटलं की जरा सावध होतो. इंग्रजी विशेषण या दोघांच्या मधल्या जागेत उभं आहे. कौतुक की ठपका, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरतं.

या विशेषणाकडे मी ओढली गेले ती त्यातल्या लोकरीमुळे. 'पक्का' म्हणायला इंग्रजीत शब्दांचा काही तोटा नाही. मग रंगाऱ्याच्या भट्टीवरचा, इतका नेमका, इतका कामाच्या जागेवरचा तपशील भाषेने का उचलला असेल? त्या कुतूहलापोटी मी लोकर रंगवण्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. आणि जसजसं वाचत गेले तसतसं वाटू लागलं, की हे विशेषण आज ज्या अर्थाने वापरलं जातं, त्याला लोकरीची पूर्ण साक्ष नाही. लोकर आणखी बरंच काही सांगते, आणि ते जास्त मोलाचं आहे.

आधी काम समजून घेऊ. मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर कापड होईपर्यंत बऱ्याच हातांतून जाते: धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, मग ओलं कापड कुटून-तुडवून घट्ट करणं. या वाटेवर रंग तीन ठिकाणी देता येतो. कातण्याआधी मोकळ्या लोकरीला, कातल्यावर सुताच्या लडीला, किंवा विणून झालेल्या अख्ख्या थानाला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तिसरी पद्धत सोयीची. पांढरी थानं भरून ठेवायची आणि मागणी येईल तसा रंग द्यायचा. पण जुन्या काळचं इंग्लंडचं ब्रॉडक्लॉथ म्हणजे भलतंच दाट कापड. विणल्यावर ते पाण्यात कुटून इतकं आटवायचे की विणीचे धागे दिसेनासे व्हायचे. अशा कापडात रंग पार गाभ्यापर्यंत उतरणं कठीण. वरून गडद लाल दिसणारं थान कात्रीने कापलं तर कापलेल्या कडेला मधोमध फिकट रेघ दिसायची. कोपर आणि कॉलर झिजली की तीच रेघ वर यायची.

मोकळ्या लोकरीचं तसं नाही. तिथे प्रत्येक केस सुटा असतो, रंगाचं पाणी त्याला चहूबाजूंनी भिडतं. नंतर कापड कितीही झिजलं तरी खालून तोच रंग निघतो. विशेषणाचा जन्म या गुणातून झाला. झिजवा, कापा, उसवा, आत दुसरं काही सापडायचं नाही.

ही उपमा इंग्रजांच्याही फार आधीची आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात प्लेटोने 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात रंगाऱ्यांचं उदाहरण घेतलं. तो म्हणतो, लोकरीला समुद्री जांभळा रंग द्यायचा असला की रंगारी आधी सगळ्या लोकरीतून पांढरी तेवढी निवडतात, मग ती रंग धरेल अशी मेहनतीने तयार करतात, आणि त्यानंतर रंगात बुडवतात. असा रंग साध्या पाण्यानेच काय, खारानेही जात नाही. नगराच्या रक्षकांना संगीत आणि व्यायाम यांचं शिक्षण द्यायचं ते याचसाठी, की कायद्याचा रंग त्यांच्यात असा बसावा. सुख, दुःख, भीती आणि वासना हे प्लेटोच्या लेखी सर्वांत जालीम खार, आणि त्यांनाही तो रंग पुरून उरला पाहिजे.

पुढे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने स्पार्टाला कायदे घालून देणाऱ्या लायकर्गसबद्दल लिहिताना हीच उपमा वापरली. लायकर्गसने मुलांच्या शिक्षणातून आपले कायदे त्यांच्या स्वभावातच उतरवले, म्हणून ते पाचशे वर्षांवर टिकले, एखाद्या कडक, आत भिनलेल्या रंगासारखे. १५७९ मध्ये थॉमस नॉर्थ यांनी प्लुटार्कची चरित्रं इंग्रजीत आणली, आणि तिथे मुलांच्या वळणाबद्दल 'लोकरीत रंगवलेलं' हा प्रयोग इंग्रजी छापील पानावर आला. लोकरीच्या व्यापारावर पोसलेल्या देशात भाषांतरकाराला हे शब्द शोधायला दूर जावं लागलं नसणार. १५९७ मध्ये धर्मपंडित रिचर्ड हूकर यांनी उपवासाबद्दल लिहिताना म्हटलं, की बालपणाच्या लोकरीतच कठोरतेच्या रंगाने रंगवलेली मुलं पुढे कधी रंग बदलत नाहीत.

या सगळ्या जुन्या जागांत उपमा शिक्षणाची आहे, आणि नॉर्थ आणि हूकर दोघेही उघड मुलांबद्दल बोलतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या माणसाच्या निष्ठेचं कौतुक तिथे नाही. लहान मूल हे न कातलेल्या लोकरीसारखं, तेव्हाच रंग द्या, नंतर उशीर होतो, असं ते सांगणं आहे. रंग कुणी दिला याचा उल्लेख त्यात आपोआप येतो. लोकर स्वतःहून रंगत नाही, तिला कुणीतरी रंगवतं. आज माणसं स्वतःबद्दल अभिमानाने 'मी डाईड-इन-द-वूल अमुक' म्हणतात, तेव्हा हा रंगारी वाक्यातून गळून पडलेला असतो. घरात लागलेला रंग स्वतःची निवड म्हणून सांगितला जातो. बाळकडू हा मराठी शब्द याबाबतीत जास्त प्रामाणिक आहे. ते कुणीतरी पाजलेलं असतं, हे त्याला विसरता येत नाही.

राजकारणात हे विशेषण घट्ट बसलं ते अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर डॅनिएल वेबस्टर यांच्या १८३० मधल्या उद्गारात ते ठसठशीत दिसतं: अर्ध्या तासात माणूस अस्सल डेमोक्रॅट होऊन बाहेर येऊ शकतो, लोकरीतच रंगलेला! शब्दांतला विरोध बघा. लोकरीतला रंग म्हणजे जन्माआधीचा म्हणावा इतका जुना, आणि वेबस्टर बोलतायत ते अर्ध्या तासाबद्दल. हे विशेषण राजकारणाच्या बाजारात रुळलं त्या सुमारासच लोक ते स्वतःला चिकटवून घेऊ लागले होते, हे त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

आता रंगाऱ्याकडे परत येते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

मध्ययुगीन युरोपात निळा रंग वोड नावाच्या रोपाच्या पानांतून काढायचे. पिवळ्या फुलांचं हे रोप. त्याची पानं दळून गोळे करायचे, ते वाळवायचे, पुन्हा भिजवून आठवडेच्या आठवडे कुजवायचे. त्या कुजण्याचा वास इतका भयंकर असायचा की १५८५ मध्ये राणी एलिझाबेथ पहिली हिने आपल्या वाड्यांच्या आसपास वोड लावायला फर्मान काढून बंदी केली. तयार झालेला लगदा ऊनऊन भांड्यात आंबवला की रंगाचं पाणी तयार होतं, पण ते निळं नसतं. हिरवट पिवळं असतं. त्यात लोकर बुडवायची, ढवळायची नाही, नुसती हलकेच खाली दाबून धरायची, कारण जोराने हलवली तर पाण्यात हवा शिरते आणि रंग वाया जातो. मग हळूच वर काढायची. वर येताना लोकर पिवळसर असते. हवेत आल्यावर बघता बघता ती हिरवी होते, मग हिरवट निळी, मग निळी. रंग भांड्यात बसत नाही, हवेतल्या प्राणवायूने बसतो. गडद निळा हवा असेल तर हे पुन्हा, आणि पुन्हा.

या निळ्या लोकरीचं पुढे काय व्हायचं? बऱ्याचदा तिच्यावर दुसरा रंग चढायचा. महागड्या कापडासाठी लोकर आधी वोडमध्ये निळी करायची, मग कातायची, विणायची, आणि तयार थान मॅडरच्या किंवा केर्मिस किड्यांच्या लाल रंगात बुडवायचं. मॅडर हे मंजिष्ठेच्याच कुळातलं युरोपी रोप, त्याच्या मुळांतून लाल निघतो. निळ्यावर लाल बसला की जांभळा, तपकिरी, अगदी दाट काळा, अशी हवी ती छटा साधता यायची. उत्तम काळ्या कापडाची ओळखच ही होती, की त्याच्या तळाशी निळा आहे. म्हणजे लोकरीत दिलेला रंग हा कितीतरी कापडांत शेवटचा रंग नव्हताच. तो तळाचा रंग होता. त्याच्यावर जे येईल त्याला खोली देणारा. वरचा रंग बदलला तरी तळ कामाला येतो, आणि तळ असला म्हणून वरचा रंग खोटा ठरत नाही.

लहानपणी माणसाला जे मिळतं त्याबद्दल इतकं अचूक चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही. ज्याला पक्का निरीश्वरवादी म्हणून सगळे ओळखतात त्याला चर्चच्या गायकवृंदातली सगळी स्तोत्रं चालींसकट पाठ असतात, आणि त्याच्या गद्याला त्या स्तोत्रांची लय असते. कडव्या डाव्या घरात वाढलेली मुलगी पुढे उजवीकडे जाते, पण सभेची तयारी कशी करायची, पत्रक कसं लिहायचं, हे तिने आईकडूनच घेतलेलं असतं. अशांना 'रंग बदलला' म्हणणं सोपं आहे. रंगाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, बदलला कुठे, वर चढवला.

दुसरी गोष्ट टिकण्याची. आत मुरलेला रंग म्हणजे न उडणारा रंग, असं या विशेषणात गृहीत धरलेलं आहे. पण हे दोन वेगळे गुण आहेत आणि रंगारी त्यांची गल्लत करत नाही. रंग किती आत गेला हे लोकर कोणत्या टप्प्यावर रंगवली यावर ठरतं. रंग उन्हात किती तगेल हे त्या रंगद्रव्याच्या जातीवर ठरतं. युरोपच्या संग्रहालयांत पंधराव्या-सोळाव्या शतकांतले लोकरी भिंतपडदे टांगलेले आहेत, शिकारीची आणि बागांची दृश्यं विणलेले. त्यांत झाडांची पानं आणि गवत निळं दिसतं. विणकरांनी गवत निळं विणलेलं नव्हतं. हिरवा रंग करताना सूत आधी वोडमध्ये निळं करायचे आणि मग वेल्ड नावाच्या रोपाच्या पिवळ्यात बुडवायचे. निळा टिकला, पिवळा शतकांच्या उजेडात उडून गेला. पडदा उतरवून उलटा केला की मागच्या बाजूला, जिथे ऊन पोचलं नाही तिथे, जुना हिरवा अजून दिसतो. दोन्ही रंग सुतात सारखेच खोल गेले होते. उजेडापुढे एक उभा राहिला, दुसरा नाही.

विचारांचंही असंच होत असावं असं मला मनापासून वाटतं. किती लहानपणी मिळाला यावर विचार टिकत नाही. उजेडात ठेवल्यावर कळतं.

आणि प्लेटोने सांगितलेली ती तयारी. निवडणं, धुणं, रंग धरेल असं करणं. उपमा वापरणारे बहुतेक जण यावरून भर्रकन पुढे जातात, पण रंगकामाचा निम्मा जीव तिथे आहे. कातरलेल्या लोकरीत मेंढीच्या अंगची चरबी असते, ती पुरती निघाली नाही तर रंग डागाळतो. त्यानंतर तुरटी. मॅडर, वेल्ड, केर्मिस यांचे रंग लोकरीला थेट नीट धरत नाहीत, मध्ये तुरटीसारखा दुवा लागतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने लोकरीच्या केसाला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवतं. रंगारी अशा पदार्थाला मॉर्डंट म्हणतात. तुरटीच्या पाण्यात लोकर हळूहळू तापवायची आणि हळूहळूच निवू द्यायची. घाई केली, खळबळ केली तर केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा कधीही न सुटणारा गोळा होतो.

या तुरटीसाठी युरोपने काय काय केलं! पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगली तुरटी मुख्यतः तुर्की मुलखातून यायची. मग १४६० च्या दशकाच्या सुरुवातीला रोमजवळ टोल्फाच्या डोंगरात ती सापडली, आणि पोपच्या राज्याला घबाड मिळालं. त्या पैशातून तुर्कांविरुद्ध धर्मयुद्ध लढायचं ठरलं, आणि तुर्की तुरटी विकत घेणाऱ्या ख्रिश्चनांना बहिष्काराची धमकी मिळाली. पुढे इंग्लंड पोपपासून फुटलं, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्वतःची तुरटी काढू लागलं. तिथल्या करड्या खडकाचे प्रचंड ढीग रचून ते कित्येक महिने धुमसत ठेवायचे, मग ती राख पाण्यात भिजवायची, आणि त्या पाण्यातून तुरटीचे खडे पाडण्यासाठी त्यात माणसांचं शिळं मूत्र घालायचं. लंडन आणि न्यूकॅसलहून ते पिंपांत भरून जहाजाने यायचं. किनाऱ्यावरचे ते खणून काढलेले कडे अजून तसेच आहेत. कुणाच्या तरी कोटाचा लाल रंग न जावा म्हणून एवढा डोंगर खाल्ला गेला. 'पक्का रंग' हे दोन शब्द किती सहज तोंडातून निघतात, आणि त्यांच्यामागे केवढा खटाटोप उभा आहे.

आता मेंढपाळांच्या त्या देशाचाच एक विचित्र काळ. सोळाव्या शतकात आणि सतराव्याच्या सुरुवातीला इंग्लंडचं बरंचसं निर्यातीचं ब्रॉडक्लॉथ न रंगवताच बाहेर जायचं. विल्टशायर आणि ग्लॉस्टरशायरमधली पांढरी थानं समुद्रापार नेदरलँड्समध्ये जायची. रंग आणि शेवटचं झिलईकाम तिथे व्हायचं, आणि नफ्याचा मोठा वाटाही तिथेच राहायचा. विल्यम कोकेन नावाच्या लंडनच्या बड्या व्यापाऱ्याने राजा पहिला जेम्स याच्या गळी उतरवलं, की पांढऱ्या कापडाची निर्यातच बंद करू आणि रंगवलेलंच विकू. १६१४ मध्ये तसा हुकूम निघाला. डचांनी इंग्लंडचं रंगीत कापड घ्यायला साफ नकार दिला. कोकेनच्या लोकांना एवढं कापड रंगवायला जमलंही नाही. मागणी बसली, विणकर उपाशी राहिले, आणि १६१७ मध्ये सगळी योजना गुंडाळून पांढरं कापड बाहेर विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जुन्या कंपनीला तिचा हक्क परत द्यावा लागला. जुना बाजार मात्र पूर्वीसारखा पुन्हा उभा राहिला नाही.

याच दशकांत विल्टशायर, सॉमरसेट भागातल्या काही कापडवाल्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी लोकर कातण्याआधीच रंगवायला घेतली, आणि वेगवेगळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजून तिचं सूत काढलं. या कापडाला मेडली म्हणायचे. बऱ्याचदा त्यात बारीक स्पॅनिश लोकर असायची, म्हणून 'स्पॅनिश क्लॉथ' हेही नाव पडलं. थान पांढरं पाठवून परक्याकडून रंगवून घ्यायचा प्रश्नच उरला नाही, कारण रंग आता कापडाच्या आधी होता. पांढऱ्या कापडाचा धंदा बसला, त्याच मुलखातल्या कितीतरी मागांना या मिश्र कापडाने काम दिलं.

इथे येऊन मी थांबले होते, हे मला आठवतं. लोकरीतच रंग द्यायचा तो कशासाठी? मिसळता यावा म्हणून! थान रंगवलं तर ते एकाच रंगाचं होणार. सूत रंगवलं तर पट्टे आणि चौकटी निघतील. पण एकाच धाग्यात चार रंग नांदवायचे असतील तर रंग लोकरीतच द्यावा लागतो, दुसरा मार्ग नाही. ज्या पद्धतीच्या नावाने इंग्रजी भाषा एकरंगी माणसाला ओळखते, तीच पद्धत कारागीर बहुरंगी कापडासाठी वापरत आला. एकाच रंगाचं कापड करायचं असलं तरी लोकरीत रंगवण्याचा फायदा हाच, की भांड्यात कुठे फिकट कुठे गडद रंगलेली लोकर पिंजताना एकमेकींत मिसळते आणि उणंअधिक भरून निघतं.

हे अजून डोळ्यांनी पाहता येतं. स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. तिथे विणलेलं हॅरिस ट्वीड हे असं कापड आहे, की त्याची व्याख्या ब्रिटिश संसदेने १९९३ मध्ये कायदा करून ठरवली. शुद्ध नवी लोकर, त्या बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली, बेटकऱ्यांनी आपापल्या घरी हाताने विणलेली, आणि शेवटचं कामही तिथेच झालेलं. रंग आधी आणि कताई नंतर, हीच त्या कापडाची रीत. एका स्नेह्यांच्या जुन्या कोटाची बाही मी भिंगाखाली धरून पाहिली. हातभर अंतरावरून तो कोट करडा, फार तर मातकट हिरवट म्हणावा असा. भिंगाखाली करडा कुठेच नव्हता. एका धाग्यात शेवाळी हिरवे केस, त्यांना बिलगून गंजासारखे नारिंगी, मध्येच एक जर्द पिवळा, गडद निळे बरेच, आणि थोडे जांभळे, हेदरच्या फुलांच्या रंगाचे. प्रत्येक केस आपल्या रंगाला शेवटपर्यंत धरून होता, कुणी कुणात विरघळलेला नव्हता. भिंग बाजूला केलं की पुन्हा करडा.

त्या नारिंगी-तपकिरीची एक गोष्ट सांगायलाच हवी. पूर्वी तो खडकांवर वाढणाऱ्या दगडफुलांतून यायचा. तिथे त्याला क्रॉटल म्हणतात. पावसानंतर ते चमच्याने खरवडून काढायचे, आणि मोठ्या भांड्यात लोकरीचा एक थर, क्रॉटलचा एक थर असं रचून तासन्‌तास उकळायचे. याला तुरटी लागत नाही, हा रंग आपला आपण बसतो. सांगतात, की त्या बेटांवरचे कोळी क्रॉटलने रंगवलेले कपडे घालून समुद्रावर जात नसत. खडकावरून आलेलं पुन्हा खडकाकडेच जातं, अशी त्यांची समजूत होती. रंगाला आपलं मूळ आठवतं, असं मानणारी ती माणसं रंगाबद्दल आपल्यापेक्षा अधिक गंभीर होती.

म्हणून मला या विशेषणाचा अर्थ नव्याने मांडावासा वाटतो. लोकरीतच रंगलेला माणूस म्हणजे ज्याच्यात रंग फार आधी, मोकळेपणी, केसाकेसाला भिडून गेले असा माणूस. रंग, अनेकवचनी. आजी-आजोबांकडून आलेला एक, शाळेतल्या कुणा शिक्षकाचा एक, आजारपणात पडल्या पडल्या वाचलेल्या पुस्तकाचा एक. कातले जाण्याआधीच हे सगळे एकत्र पिंजले गेले. दुरून त्याचा एक रंग दिसतो आणि लोक त्यालाच त्याचं नाव देतात. त्याची निष्ठा खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच्यातला निळा केस निळाच आहे, कितीही धुतला तरी. पण शेजारी नारिंगी आहे, आणि तोही तितकाच मुरलेला. पक्षाच्या किंवा पंथाच्या नावाने ज्यांना आपण एका शब्दात निकालात काढतो, त्यांच्याशी तासभर निवांत बोललं तर हे दिसतं. माझ्या अनुभवात तरी ते दिसलं नाही असं झालेलं नाही.

पुढे रसायनांचा काळ आला. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला लंडनमध्ये क्विनीन बनवण्याच्या खटपटीत जांभळा रंग सापडला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस मॅडरचा लाल प्रयोगशाळेत तयार होऊ लागला, १८९७ पासून नीळही कारखान्यातून बाजारात येऊ लागली. वोडची शेतं आणि यॉर्कशायरच्या तुरटीच्या भट्ट्या मागे पडल्या. कापडाचे थान रंगवणं इतकं सुधारलं, की मोकळी लोकर रंगवण्याची गरज मुख्यतः मिश्र रंगांच्या कापडापुरती उरली. म्हणजे ज्या कामासाठी तिला पर्याय नाही, त्याच कामासाठी ती आज टिकून आहे.

आणि ज्यांना खरोखरच न मिसळणारा, पुन्हा न रंगवता येणारा रंग उपमेसाठी हवा आहे, त्यांच्यासाठी विसाव्या शतकाने वेगळा पदार्थ आणून ठेवला. नायलॉन, पॉलिएस्टर, ॲक्रिलिक यांचे धागे काही वेळा पांढरे बनवतच नाहीत. वितळलेल्या किंवा विरघळलेल्या रसातच रंगाची पूड मिसळतात आणि तो रस बारीक छिद्रांतून दाबून बाहेर काढतात. धागा जन्मतो तोच रंगीत. त्याला धुवून काढायला चरबी नसते, तुरटी लागत नाही, रंग देण्यासाठी वाट पाहावी लागत नाही. उन्हात वर्षानुवर्षं राहणारे छत्र्यांचे आणि दुकानांपुढच्या छपरांचे कापड, पायाखालचे गालिचे याच धाग्याचे असतात, आणि त्यांच्यावर दुसरा रंग चढवू म्हटलं तरी तो सहसा चढत नाही. कारखान्यात या धाग्यासाठी वापरायचा जोडशब्द इंग्रजीत आहे, पण अजून तरी तो कुणी माणसाला लावलेला माझ्या वाचनात आलेला नाही.